उणे चौतीस

तेरच्या शाळेत समुद्र नाही.
तेरणा आहे, तीही मार्चात घोट्याइतकी.
तरी सातवीच्या लेकरांना म्हणालो,
चपला काढा, आज मैदानात जहाज काढू.

एक अंश म्हणजे एक वीत.
आडाचा दोर ताणून विषुववृत्त केलं,
फक्कीची उभी रेघ, तो शून्य रेखांश,
आणि दोघांची गाठ पडली तिथं
इर्शादनं वीट ठेवली,
वाऱ्यानं दोर सरकू नये म्हणून.

दोराच्या वर अधिक, खाली उणे.
रेघेच्या उजवीकडे अधिक, डावीकडे उणे.
"उणे म्हणजे कमी नव्हे," तिसऱ्यांदा सांगितलं,
"उणे म्हणजे नुसती दुसरी बाजू."
पोरांनी माना डोलावल्या.
पोरं डोलावतातच.

लिस्बन: एकोणचाळीस, उणे नऊ. पांढरा खडा.
पाचशे वर्षांमागची ती गलबतं खाली निघाली,
पंधरा, उणे चोवीस, बेटांवर पाणी भरून घेतलं,
मग दोर ओलांडला
आणि पहिला आकडाही उणे झाला.
दोन्ही उणे.
मुद्रिका ओणवी होऊन मोजत चालली,
अंगठा-करंगळी, अंगठा-करंगळी,
जिथं त्यांना तीन महिने जमीन दिसली नाही
तिथं हिच्या हाताला नुसती माती.

उणे चौतीस, अठरा.
आफ्रिकेचं टोक. इथं वळायचं.
"सांगा, मोठं कोण? उणे चौतीस का उणे पंधरा?"
अर्धा वर्ग चौतीसवर ठाम.
मी म्हणालो, जहाजाला विचारा,
ते वर चढतंय ना आता?
उणे पंधरा, एक्केचाळीस.
उणे तीन, चाळीस.
दोर पुन्हा पायाखाली.

कालिकत: अकरा, शहात्तर.
इर्शादनं आकडे उलटे घेतले
आणि जहाज कुंपणापलीकडं, बाभळीत.
"अरे, तिथं बर्फ असतो!"
"नाय सर, शेळ्या हायेत."

मग आपलं गाव मांडा म्हणाले सगळे.
अठरा पूर्णांक तीन, शहात्तर पूर्णांक एक.
दशांश सोडा, मी म्हणालो, पूर्णांकात बसवा.
बसवलं, तर तेर सरकत सरकत
पार तुळजापुरात जाऊन पडलं.
कोणीतरी तिथल्या तिथं हात जोडले.
पण कालिकत आणि आपण एकाच उभ्या ओळीत,
मध्ये फक्त सात विती.
"एवढ्या जवळ आलते व्हय?"

घंटेला पाच मिनिटं होती, खिचडीचा वास सुटलेला.
पुस्तकातली शेवटची ओळ वाचून टाकली:
निघालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं परतली नाहीत.
हिरड्या सुजल्या, दात हलले, समुद्रात सोडली.

मुद्रिका अजून ओणवीच.
"सर, मंग ती माणसं कोणत्या बाजूला मांडायची?"

मी म्हणालो, ते वजाबाकीत येतं, बाळ,
निर्देशांकात नाही.
"म्हंजी उणे दोन परकारचं असतंय,"
ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.

तिनं खिशातून शंखाच्या बांगडीचा तुकडा काढला.
आमच्याकडं नांगर फिरला की निघतात असे,
कुठल्या काळच्या, कुणाच्या मनगटातल्या,
समुद्रावरून बैलांच्या पाठीवर आलेल्या.
दोराच्या खाली ठेवला.
कुठल्याच खड्यापाशी नाही.
आणि ताट घ्यायला पळाली.

संध्याकाळी दोर गुंडाळताना
मी एकटाच विटेपासून मोजत गेलो.
उणे एकोणीस आणि थोडं,
उणे वीस आणि थोडं.
नकाशात तिथं काही नाही, नुसता निळा रंग.
तुकडा उचलला नाही.
वहीत लिहून घेतलं,
आणि या वेळी
ते थोडंही सोडलं नाही.